शेजारच्या सीटचा ब्रेक

शिकाऊ गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. पहिला ब्रेक सुरुवातीचे काही आठवडे निव्वळ शोभेचा असतो, कारण त्यावर पाय ठेवायचा असतो हे शिकणाऱ्याला आठवेपर्यंत दुसऱ्या ब्रेकने आपलं काम उरकलेलं असतं. हा दुसरा ब्रेक वर्षानुवर्षं क्लचबाईंच्या पायाखाली होता.

क्लचबाई हे नाव त्यांना शिकाऊ मंडळींनी दिलेलं. ‘क्लच, क्लच, क्लच’ असं एका दमात ओरडायची त्यांची रीत होती, आणि ती ऐकून रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांचाही डावा पाय आपोआप दाबला जाई असं म्हणत. त्यांचं खरं नाव पाटीवर नव्हतं. पाटी त्यांच्या दिराच्या नावाची होती आणि गाडीही. ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं ते क्लचबाईंच्या नवऱ्याने. तो गेल्यावर कागदपत्रं धाकट्या भावाकडे आली आणि स्टिअरिंग वहिनीकडे. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती. भावजींना रस्त्याची धास्ती होती आणि वहिनींना खुर्चीचा कंटाळा, त्यामुळे ती आपोआप झाली आणि दोघांनाही मानवली.

क्लचबाई गाडी इंग्रजीत शिकवत. निदान त्यांचा तसा समज होता. सेल्फ मारा, फर्स्ट टाका, हाफ क्लचवर सोडा, थोडी रेस द्या, साइड बघा, काटा, फुल काटा, आता सरळ. समोरच्याने डोळ्यांवर झोत टाकला की डिपर द्या. सामान डिकीत, डिकीत सामानाखाली स्टेपनी, आणि स्टेपनीत हवा आहे की नाही हे गाडी घराबाहेर काढायच्या आधी बघायचं, नंतर नाही. या भाषेवर त्यांनी शिंपी शिकवले, दातांचे डॉक्टर शिकवले, एक न्यायाधीशही शिकवले. सगळे गावभर गाड्या हाकत होते आणि त्यांच्यापैकी कुणालाही आपण कुठल्या भाषेत शिकलो असा प्रश्न पडलेला नव्हता.

तो प्रश्न सरांनी आणला.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. म्हणजे पगार थांबला होता, दुरुस्त्या चालू होत्या. दुकानांच्या पाट्या, हॉटेलची मेनूकार्डं, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कुठलंच इंग्रजी त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टवर चिकटवलेली सूचना त्यांनी एकदा खिशातल्या पेनाने जागच्या जागी शुद्ध केली होती. लिफ्ट बंद आहे, असं त्या सूचनेत म्हटलेलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं ते बटण दाबून बराच वेळ उभं राहिल्यावर.

अशा माणसाला सत्तरीला टेकल्यावर गाडी शिकायची वेळ आली, कारण आजवर त्यांची गाडी काकूंनी चालवली होती. काकू म्हणजे सरांची बायको. कॉलेज, बँक, लग्नकार्यं, सगळीकडे काकू चालवत आणि सर शेजारी बसून वाचत. मग काकूंच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला आणि तो हळूहळू मोठा होत गेला. कडेचं दिसे, समोरचं पुसट होई. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात सारखं जावं लागायचं आणि दर वेळी टॅक्सीवाल्याची वाट बघणं दोघांच्याही जिवावर यायचं. शेवटी सर स्वतःच काकूंना घेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या पायऱ्या चढले.

पहिल्या दिवशी क्लचबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “सेल्फ मारा.”

“इग्निशन,” सर म्हणाले.

“तेच. मारा.”

“इग्निशन मारत नाहीत. ऑन करतात.”

“करा मग. पण करा.”

मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे किंचित हलत होते.

असं रोज चाललं. डिकी म्हटलं की सर म्हणत, बूट. क्लचबाई म्हणत, बूट माझ्या पायात आहे. रेस म्हटलं की ॲक्सिलरेट. एक दिवस क्लचबाईंनी सांगितलं की दुपारी त्यांना काम आहे, उद्याचा क्लास सकाळी प्रीपोन करू. दुसऱ्या दिवशी सकाळी सर वेळेवर हजर झाले आणि गाडीत बसता बसता म्हणाले, “काल सांगायचं राहिलं. प्रीपोन असा शब्दच नाही.”

“मग तुम्ही दुपारच्या ऐवजी सकाळी आलात कसे?”

सरांनी आरसा नीट केला. तो नीटच होता.

खरी अडचण शब्दांची नव्हती, क्रमाची होती. क्लचबाई म्हणत, “काटा.” सर म्हणत, “टर्न,” आणि मग वळवत. आधी दुरुस्ती, मग कृती, अशी त्यांची आयुष्यभराची शिस्त. वर्गात ती चालून गेली, कारण वर्ग जागचा हलत नाही. इथे दुरुस्ती आणि कृती यांच्यामधल्या फटीत एकदा कचराकुंडी आली, एकदा सायकलचं दुकान आलं. दोन्ही वेळा दुसऱ्या ब्रेकने लाज राखली. क्लचबाईंचा गुडघा संध्याकाळी ठणकायला लागला.

“सर, ही काय सवय?” त्या एकदा वैतागून म्हणाल्या. “मी म्हटलेलं समजतं ना तुम्हाला?”

“समजतं.”

“मग मला का दुरुस्त करता?”

“समजणं वेगळं, बरोबर असणं वेगळं. आता स्टेपनी घ्या. हे एका कंपनीचं नाव. शंभर वर्षांपूर्वी तिकडे जादा चाकं बनवणारी कंपनी होती, म्हणून लोक त्या चाकालाच स्टेपनी म्हणायचे. आता तिकडे कुणी म्हणत नाही. त्यांनी तो शब्द केव्हाच टाकला.”

“त्यांनी टाकला, आम्ही उचलला,” क्लचबाई म्हणाल्या. “टाकलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, टाकणाऱ्याचा की उचलणाऱ्याचा?”

सर हसले नाहीत. थोडा वेळ त्यांनी गाडी चांगली चालवली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “माझ्या पहिल्या मुलाखतीत मी एक शब्द आमच्या घरी म्हणायचे तसा म्हटला. समोर पाच जण होते. पाचही हसले. नोकरी मिळाली नाही. त्या दिवशी ठरवलं, आपल्यावर पुन्हा कुणी हसणार नाही.”

“वाईट झालं,” क्लचबाई मनापासून म्हणाल्या. “पण मग तुम्ही उठून त्या पाच जणांच्या बाजूला का जाऊन बसलात?”

सरांनी इंडिकेटर दिला. वळण दूर होतं.

इथपर्यंत सगळं गाडीत होतं. गाडीतलं भांडण गाडीतच जिरतं, असा क्लचबाईंचा अनुभव. पण सरांचा स्वभाव उपकाराचा. त्यांनी घरी बसून एक तक्ता केला. डाव्या बाजूला तांबड्या शाईत क्लचबाईंचे शब्द, उजव्या बाजूला हिरव्या शाईत बरोबर शब्द. वर ठळक अक्षरात ‘टाळा’ आणि ‘वापरा’. यात कुचेष्टा अजिबात नव्हती. औषध आणून द्यावं तसा त्यांनी तो तक्ता भावजींना आणून दिला.

भावजींनी तो वाचला, आणि गावात नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरचे सगळे मजले त्यांच्या डोळ्यांपुढे उजळले. त्या टॉवरमधली मंडळी आपसांत इंग्रजी बोलत आणि त्यांच्यापैकी एकही या स्कूलची पायरी चढला नव्हता. भावजींनी तक्त्याला प्लास्टिक चढवून घेतलं आणि तो आपल्या खुर्चीच्या मागे लावला. एक छोटी प्रत गाडीत डॅशबोर्डवर चिकटवली.

“वहिनी, एकतारखेपासून यातलंच बोलायचं,” ते म्हणाले.

क्लचबाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. आपलं सगळं बोलणं एका भिंतीवर तांबड्या शाईत मांडलेलं पाहण्याचा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

“कुणी तक्रार केली का, समजत नाही म्हणून?”

“समजायचा प्रश्न नाही हो. जरा क्लास येतो.”

“भावजी, तुमच्या दादांनी मला याच शब्दांत शिकवलं.”

“दादाचा काळ वेगळा. अन् काय हो, सर तुमच्याकडे नीट चालवत नव्हते, आता चालवतात ना? का? तक्त्याप्रमाणे बोललात म्हणूनच ना?”

हे खरं होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गुडघा फार दुखला तेव्हा क्लचबाईंनी एक दिवस सरांना त्यांच्या शब्दांत सांगून पाहिलं होतं. टर्न लेफ्ट. ॲक्सिलरेट जेंटली. सर गरुडासारखे गेले. दुरुस्त करायला काही उरलंच नाही, त्यामुळे हात मोकळे झाले. शुद्ध इंग्रजीत सर चांगले चालक होते.

“त्यांच्यापुरतं बोलले,” क्लचबाई म्हणाल्या. “मी एका बहिऱ्या माणसाला खांद्यावर टिचकी मारून गाडी शिकवली आहे. उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे उजवीकडे. म्हणून उद्यापासून सगळ्यांनाच टिचक्या मारू का?”

वादात हरायला लागले की भावजी मालक होत. “मला वाद नको,” ते म्हणाले. “सोमवारी मी स्वतः मागे बसतो आणि ऐकतो. तक्त्याप्रमाणे झालं तर ठीक. नाही झालं तर तुम्ही ऑफिस सांभाळा, गाडीवर मी कुणी इंग्लिश मीडियमचा बघतो.”

ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि समोरच्या इमारतीची पाठ. क्लचबाईंनी त्या खोलीकडे पाहिलं. “सोमवारी या,” म्हणाल्या. “पट्टा लावून बसा.”

शनिवारी सरांचा क्लास संपल्यावर सर भावजींशी बोलायला आत गेले. काकू गाडीतच बसून राहिल्या. क्लचबाई काच पुसत होत्या.

“काकू, सरांना परवाना मिळाला की तुम्ही शेजारी बसणार ना? रस्ता तुम्हीच सांगायचाय. त्यांना तर तुमच्या दवाखान्याची गल्लीसुद्धा माहीत नाही. काल विचारलं तर म्हणाले, पुस्तकाच्या साधारण चाळीस पानांवर आहे.”

“त्यांनी मान वर केलीच नाही ना कधी,” काकू म्हणाल्या. “रस्ते मला पाठ आहेत. डोळे मिटून सांगेन. पण मी नाही सांगणार.”

“का?”

“सवय गेली.” काकू पदराचं टोक चाचपत म्हणाल्या. “लग्न झालं तेव्हा मी त्यांच्याशी हौसेने इंग्रजीत बोलायची. ते दुरुस्त करायचे. मग मी मराठीत बोलायला लागले. तर मराठीतले इंग्रजी शब्द दुरुस्त करायला लागले. मग मी थोडक्यात बोलायला लागले. आता मान हलवते. बरं चाललंय. पण गाडीत मान हलवली तर त्यांना दिसणार कशी?”

क्लचबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की भांडण त्यांच्या शब्दांचं आहे. त्यांनी दुसऱ्या ब्रेककडे पाहिलं, मग काकूंच्या पायांकडे.

“काकू, तुमचे गुडघे कसे आहेत?”

“गुडघ्यांना काय धाड भरलीय?”

“सोमवारी चपला घालू नका. बूट घाला,” क्लचबाई म्हणाल्या. “पायातले.”

टॉवरच्या मागे प्लॉट पाडून ठेवलेले होते. घरं अजून उभी राहायची होती, पण रस्ते, चौक आणि दिव्याचे खांब तयार होते. रहदारी नाही, माणूस नाही. सोमवारी क्लचबाईंनी गाडी तिथे नेली. सर स्टिअरिंगवर आले. भावजी तक्त्याची प्रत मांडीवर घेऊन मागे बसले. क्लचबाईंनी शेजारच्या सीटवर काकूंना बसवलं आणि स्वतः मागे, मधोमध, हँडब्रेकपर्यंत हात पोचेल अशा बसल्या.

“हे काय?” भावजी म्हणाले. “तुम्ही पुढे बसा ना. मी तुम्हाला ऐकायला आलोय.”

“मी चुकीचं बोलू नये एवढंच ना तुमचं म्हणणं? आज मी बोलतच नाही.” मग त्या पुढे झुकल्या. “काकू, समजा आपण दवाखान्यात निघालोय. रस्ता तुम्ही सांगायचा, तोंडाला येईल त्या शब्दांत. समोर लक्ष मी ठेवते. तुमच्या पायाशी जो ब्रेक आहे, तो रस्त्यासाठी दाबायचा नाही. एकाच गोष्टीसाठी दाबायचा.”

“कशासाठी?”

“यांनी शब्द दुरुस्त केला की.”

काकूंनी वाकून ब्रेक चाचपला. त्याच्यावर पाय ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. “घरी अशी सोय नव्हती,” त्या म्हणाल्या.

“हा पोरकटपणा आहे,” सर म्हणाले.

“हो,” क्लचबाई म्हणाल्या. “निघा.”

सुरुवातीला काकू सुनेच्या आवाजात बोलत होत्या. सरळ. डावीकडे. पुन्हा सरळ. मग म्हणाल्या, “पुढे मेडिकल येईल. तिथून काटा.”

“केमिस्ट,” सर म्हणाले.

गाडी जागच्या जागी थांबली. भावजींचं कपाळ काकूंच्या सीटवर आपटलं. तक्ता खाली पडला.

“अगं,” सर म्हणाले.

“मेडिकल,” काकू म्हणाल्या.

पुन्हा निघाले. पुढच्या चौकात सिग्नल आहे असं समजायचं होतं. “सिग्नलला थांबा,” काकू म्हणाल्या. सर म्हणाले, “ट्रॅफिक लाइट,” आणि गाडी सिग्नलच्या बरीच अलीकडे थांबली. भावजींनी आता दोन्ही हातांनी सीट धरली. त्यानंतर डिकीवर थांबली, साइडवर थांबली, आणि एकदा तर सरांनी नुसता श्वास आत ओढला त्यावर थांबली. “मी काही बोललो नाही,” सर म्हणाले. “बोलणार होतात,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली सून कुठेतरी मागच्या चौकात उतरली होती.

“वहिनी, हे थांबवा,” भावजी म्हणाले.

क्लचबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“अहो सर, म्हणू द्या ना त्यांना मेडिकल,” भावजी रडकुंडीला आले. “कुणाचं काय जातं? आमच्या घरी पण मेडिकलच म्हणतात.” समोर वळण आलं. काकू म्हणाल्या, “काटा.” सरांचे ओठ हलले. भावजी मागून ओरडले, “काटा, सर, फुल काटा!” सरांनी सवयीने मागे मान वळवून भावजींना दुरुस्त केलं, आणि काकूंनी या वेळी ब्रेक जरा चवीने दाबला.

इंजिन चालू होतं. सरांनी रुमालाने मान पुसली.

“चला,” काकू म्हणाल्या. “सरळ घ्या. हा दवाखान्याच्या वाटेवरचा लांब पट्टा समजा, पुलापर्यंत काही वळण नाही.”

गाडी सरळ निघाली आणि काकू बोलायला लागल्या. आता त्या रस्ता सांगत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या. “या पट्ट्यावर आपली गाडी एकदा पंक्चर झाली होती. तुमच्या परिषदेला जाताना. तुम्ही म्हणालात, थांबलीस का, मी म्हटलं, पाच मिनिटं. तुम्ही पुन्हा वाचायला लागलात. मी डिकी उघडली, तर स्टेपनीपण बसलेली. एक ट्रकवाला थांबला, त्याने आपल्या पंपाने हवा भरून दिली. मी जॅक लावला, चाक मी बदललं. जॅकवर गाडी चढली तेव्हा तुम्ही आत वर गेलात आणि खाली आलात. पान उलटलंत. हात काळे झाले होते, ते मी साडीच्या आतल्या बाजूला पुसले. परिषदेत मला कुणीतरी विचारलं, प्रवास कसा झाला. मी म्हटलं, छान.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस,” सर म्हणाले.

“सांगायला स्टेपनी म्हणावं लागलं असतं.”

सरांचं तोंड उघडलं. क्लचबाईंना आरशात ते दिसलं. भावजींनी सीट घट्ट धरली. काकूंचा पाय ब्रेकवर होता. सरांचं तोंड तसंच काही क्षण उघडं राहिलं, आणि मग त्यांनी विचारलं, “ट्रकवाला कसा होता?”

“सज्जन होता. चहा पाजला त्याने मला. तुम्हाला विचारू का म्हणाला, मी म्हटलं, नको, ते कामात आहेत.” काकूंनी खिडकीकडे मान वळवली, जिकडचं त्यांना दिसत असे. “पूल आला. काटा.”

गाडी वळली. दुरुस्ती झाली नाही, पण गाडी वळली.

ऑफिसात परतल्यावर भावजी कपाळावर ओला रुमाल ठेवून खुर्चीत बसले. त्यांच्या मागे तक्ता होता. सर बाकावर टेकले होते, काकू त्यांच्या शेजारी. क्लचबाई उभ्याच राहिल्या.

भावजींनी शेवटचा आधार म्हणून सरांकडे पाहिलं. “सर, तुम्हीच सांगा. तक्ता बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” सर म्हणाले.

“अन् वहिनींचं बोलणं?”

“चूक. माझं मत बदललेलं नाही.”

“बदलू नका,” क्लचबाई म्हणाल्या. “मत घरी असू दे, गाडीत हात आणा.” मग त्या दिराकडे वळल्या. “आता आपलं, भावजी. मी आज तक्त्यातलं काही बोलले नाही आणि उद्याही बोलणार नाही. ज्याला त्याच्या शब्दांत हवं त्याला मी त्याच्या शब्दांत शिकवीन. सरांनाही शिकवलं. पण माझी जीभ तांबड्या शाईत भिंतीवर टांगून वर मला तिच्याखाली उभं करणार असाल, तर नाही. हे शब्द मी कुणाच्या घरातून चोरलेले नाहीत. गॅरेजवाला हे बोलतो, पंक्चरवाला बोलतो, हवालदार बोलतो, तुमच्या भावाने हे बोलून संसार उभा केला. इंग्रजीने दुनियाभरातून शब्द उचलले आणि परत करायला ती कधी कुणाच्या दारात गेल्याचं मी ऐकलेलं नाही. मग माझ्याच झडत्या का? मी चुकीचं बोलते, बरं. चुकीचं बोलूनच शिकवणार. ऑफिसात बसवायचं असेल तर आत्ता बसवा, या सगळ्यांसमोर. पण काय म्हणून बसवलं ते तुमच्या तोंडाने सांगा. माझी गाडी कुठे आपटली, कोण शिकाऊ नापास झाला, ते सांगा.”

गाडीची चावी टेबलावर भावजींच्या हाताशी होती. त्यांनी ती उचलली. खिशात घालतील असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी रुमाल कपाळावरून काढला, टेंगळाला बोट लावून पाहिलं, आणि चावी टेबलावरून वहिनींच्या बाजूला सरकवली.

“अन् तक्ता?” ते हळूच म्हणाले. “प्लास्टिक चढवलंय हो त्याला.”

“राहू दे की. तुम्ही लावलाय, तुम्ही बघत बसा. माझी त्याला हरकत नाही, त्याची मला नसली म्हणजे झालं.”

काकू उठल्या. “यांची परीक्षा कधी म्हणायची?”

“अजून तयार नाहीत ते. सही मी करायची आहे, आणि आज एकदाच हात तोंडाआधी फिरला. अजून काही दिवस तुम्ही शेजारी बसा, तशाच.”

सरांनी काकूंकडे पाहिलं.

“मला काही घाई नाही,” काकू म्हणाल्या.

बाहेर पुढचा शिकाऊ केव्हाचा गाडीत येऊन बसला होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, घामाघूम. क्लचबाई त्याच्या शेजारी बसल्या. गाडीतला छोटा तक्ता डॅशबोर्डवर होता, त्याच्यावर त्यांनी काच पुसायचं फडकं टाकलं. मग ऑफिसाच्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली आणि शिकवायला सुरुवात केली, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानेच.